डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी ठोकली, गॅरेजला दिली, पत्रा सरळ झाला. रंग असा जुळला की कुठे लागलं होतं ते सांगूनही दिसत नाही. आणि घरी आणून दोन दिवस होतात न होतात तोच मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. माझं काम वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं. अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात आणि त्यांचे मालक जवळजवळ हेच प्रश्न विचारतात. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: कोड (गाडीचा कंप्युटर बिघाडाची नोंद म्हणून ठेवतो तो क्रमांक) वाचल्याशिवाय उडवू नका, म्हणजे पुसू नका, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात जिथे पोचला होता तिथूनच शोधायला लागा.

फक्त पत्र्याचं आणि रंगाचं काम झालं. इंजिनला कोणी हातही लावला नाही. मग इंजिनचा दिवा कसा?

हात लावला जातो, फक्त तो बिलावर दिसत नाही. फेंडर काढायचा तर आधी हेडलाइट निघतो. हेडलाइटच्या मागे हवेची नळी असते, तीही बाजूला करावी लागते. बंपर काढला की बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) सुटतो. रेडिएटरची पुढची चौकट बदलायची म्हणजे पंख्याची वायरिंग, एसीचा कंडेन्सर, कधीकधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज, सगळंच सोडवावं लागतं. हे परत बसवताना एक कपलर ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबला गेला नाही किंवा एक क्लिप राहिली, तरी इंजिनच्या कंप्युटरला ते कळतं. त्याच्याकडे सांगायला हा एकच दिवा आहे.

गाडी चालवू की उभी करू?

दिवा स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, तर सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जातंय. तिथे ते जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) इतका तापवतं की त्याच्या आतली जाळी वितळू शकते. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, आणि शक्य असेल तर गाडी ओढून न्या.

आणखी तीन गोष्टींत दिवा स्थिर आहे की लुकलुकतो हे बघतही बसू नका: तापमान वर चढणं, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागणं, किंवा पेट्रोलचा वास येणं. लगेच इंजिन बंद करा.

गॅरेजवाले म्हणतात, “आणा, कोड उडवून देतो, दिवा जाईल.” उडवू द्यावा का?

नाही. आधी वाचू द्या, लिहून घ्या, फोटो काढा, मग बघू. हे मी अगदी हट्टाने सांगतो, कारण या एका घाईमुळे सोपं काम कितीतरी अवघड होताना मी पाहिलंय.

कोड पक्का होतो त्या क्षणी कंप्युटर इंजिनची स्थिती टिपून ठेवतो. याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. गाडीचा वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनवर भार किती, इंधनाची दुरुस्ती (कंप्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन देतोय) किती टक्के चालली होती, हे सगळं त्यात असतं. म्हणजे बिघाड झाला तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती की वेग घेत होती, इंजिन गार होतं की गरम, हे कळतं. कोड उडवला की ही नोंदही पुसली जाते. शिवाय गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे ‘मॉनिटर’, पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

आणि उडवलेला दिवा परत येणार हेही धरून चाला. बऱ्याच कोडांना सलग दोन फेऱ्यांमध्ये (इंजिन चालू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंत एक फेरी) तीच चूक दिसावी लागते, तेव्हाच दिवा लागतो. म्हणून गॅरेजच्या दारातून निघताना सगळं छान असतं आणि तिसऱ्या दिवशी तोच दिवा पुन्हा हजर होतो.

कोड मला स्वतःला वाचता येईल का?

येईल. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ते ओबीडी पोर्ट. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि मोबाइलवर अॅप उघडलं की इंजिनचे कोड दिसतात. कोडचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडीची यंत्रणा, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टीअरिंगकडची, आणि ‘यू’ म्हणजे कंप्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलंय.

स्वस्त स्कॅनर बहुतेक ‘पी’पुरताच चालतो. अपघाताच्या गाडीचं पूर्ण स्कॅनिंग हवं असेल तर सगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या कंप्युटरांमध्ये, शिरणारा मोठा स्कॅनर लागतो. सुरुवातीला मात्र छोट्यावर भागतं.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं. म्हणजे सेन्सर बदलायचा?

थांबा. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब झालेल्या वस्तूचं नाही. पी ०११३ आला तर आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरकडून नको तितकं जास्त व्होल्टेज येतंय एवढंच कळतं. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, किंवा कपलर नुसता लटकत असेल, तिन्ही वेळा कोड तोच. स्कॅनरवर लाइव्ह आकडे उघडून बघा. तापमान उणे ४० अंश दाखवत असेल तर सर्किट उघडं आहे, आणि पत्र्याचं काम नुकतंच झालेल्या गाडीत याचा अर्थ नव्वद टक्के एकच: कपलर लावायचा राहिला. टक्केवारी माझ्या अनुभवातली, पण मी तिच्यावर पैज लावेन.

कपलर लावलेला दिसला तरी तो काढून आत डोकावा. पिना सरळ आहेत का? एखादी मागे तर ढकलली गेली नाही? घाईत तिरका दाबलेला कपलर वरून बसलेला दिसतो, आत मात्र एक पिन वाकून शेजारणीला टेकलेली असते. पाण्याचा किंवा हिरव्या गंजाचा अंश दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग लावा. नवीन सेन्सर विकत घेण्याची वेळ या सगळ्यानंतर येते.

पुढच्या बाजूचं काम झालं होतं. आधी काय बघू?

हवेचा रस्ता. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात हवा सोडणारी झडप) हात फिरवत जा. डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का? हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचा कपलर बसलाय का? त्याच्यापासून थ्रॉटलकडे जाणारा होज दोन्ही टोकांना घट्ट आहे का? एमएएफच्या पुढे कुठूनही हवा आत आली तर ती मोजली जात नाही. कंप्युटर कमी हवेच्या हिशोबाने इंधन देतो आणि मिश्रणात हवा जास्त होते. पी ०१७१ हा कोड हेच सांगतो. व्ही इंजिनच्या दुसऱ्या बाजूसाठी पी ०१७४.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो. पुढचा डावा कोपरा लागला होता. फेंडर आणि हेडलाइट बदलून गाडी परत आली. तीन दिवसांनी दिवा, कोड पी ०१७१. मी बॉनेट उघडून होज पाहिला, क्लॅम्पचा स्क्रू पिळून पाहिला, घट्ट होता. आयडलिंगला इंधनाची दुरुस्ती अधिक ३ ते ४ टक्के, म्हणजे काहीच नाही. अर्धा दिवस मी व्हॅक्यूमचे बारीक पाईप तपासण्यात घालवला. मग फ्रीझ फ्रेम उघडली, जी मी सगळ्यात आधी उघडायला हवी होती. वेग ४१, इंजिन गरम, भार चांगलाच. म्हणजे बिघाड उभ्या गाडीत नव्हताच, ओढताना होता. एकाला गाडीत बसवून, हँडब्रेक लावून, अॅक्सिलरेटर एकदम दाबायला सांगितलं आणि होजखाली बोट घातलं. इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकलं आणि होजच्या खालच्या कडेला नखभर फट उघडली. पाय उचलला की बंद. क्लॅम्प घट्टच होता, पण खालच्या अर्ध्या भागात होज थ्रॉटलच्या ओठावर चढलाच नव्हता. क्लॅम्प नुसता रबराला आवळून बसला होता. सोडवला, नीट चढवला, आवळला. दिवा आजतागायत लागलेला नाही.

म्हणून नुसतं डोळ्यांनी बघू नका. खालून बोट फिरवा, मोबाइलचा कॅमेरा खाली नेऊन फोटो काढा.

टर्बो गाडीत इंटरकूलरचे होजही असेच तपासा, कारण तो बहुतेक वेळा बंपरच्या मागेच असतो. पिकअप गेला, डिझेल गाडी काळा धूर सोडते, आणि कोड पी ०२९९ (टर्बोचा दाब कमी पडतोय) असेल, तर टर्बोला दोष देण्याआधी होजचं तोंड बघा. नुसत्या सुटलेल्या होजपायी टर्बो उतरवायला निघालेले लोक मला भेटलेत.

हवेनंतर पंखा. इंजिन चालू करून एसी लावा. रेडिएटरचा पंखा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर कपलर, फ्यूज, रिले बघा आणि तोवर गाडी रहदारीत नेऊ नका. रेडिएटर काढला गेला असेल तर कूलंटची पातळी इंजिन गार असताना तपासा. भरताना आत हवा अडकली असेल तर ती एकदोन दिवसांत निघते आणि पातळी खाली जाते. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

मागून धडक होती. तरी दिवा लागला. मागे इंजिनचं काय असतं?

पेट्रोल गाडीत बरंच काही. टाकीतली वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात साठवतात आणि नंतर इंजिनात ओढून जाळतात. हा डबा, त्याचे पाईप, त्याचा व्हेंट व्हॉल्व्ह अनेक गाड्यांत मागच्या चाकांच्या आसपास असतात. पेट्रोल भरण्याची नळी मागच्या पॅनलच्या आतून जाते. पॅनल कापून बदललं तर ही नळी काढावीच लागते.

कोड पी ०४५५ म्हणजे मोठी गळती. आधी झाकण बघा. रंगाच्या वेळी ते काढलेलं असतं, त्याच्या रबरी रिंगेवर रंगाचा किंवा पुटीचा कण बसला तरी ते नीट बंद होत नाही. पी ०४४२ म्हणजे लहान गळती, साधारण १ मिलिमीटर भोकाएवढी. पी ०४५६ त्याहून बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही डोळ्यांना सापडत नाही. त्यासाठी यंत्रणेत धूर भरून तो कुठून निघतो ते पाहतात. स्मोक टेस्ट म्हणून विचारा, ज्याच्याकडे यंत्र आहे तिथेच जा.

आणखी एक खूण. पेट्रोल भरताना नोझल पुन्हापुन्हा ‘खट’ करून बंद पडतंय? मग व्हेंटचा रस्ता चोंदलाय. घासकामाची धूळ तिथे बसते, किंवा झाकण्यासाठी लावलेली टेप काढायची राहून जाते.

ही गळतीची चाचणी गाडी रोज करत नाही. इंजिन पूर्ण गार लागतं, आणि टाकी फार रिकामी किंवा फार भरलेली चालत नाही, साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये हवी. म्हणून हा दिवा कामानंतर आठवड्याने लागला तरी तो त्या कामाचाच असू शकतो.

मागून बसलेल्या धक्क्याने सायलेन्सरची नळी पुढे सरकते आणि जोडावरची पॅकिंग फुटते, हेही लक्षात असू द्या. ऑक्सिजन सेन्सरच्या जवळ अशी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि पी ०४२० येऊ शकतो, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा. कन्व्हर्टर हा गाडीतला फार महाग भाग आहे. जोडांची गळती तपासल्याशिवाय तो बदलायला होकार देऊ नका.

वेल्डिंगमुळे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, उडतो का?

उडू शकतो, पण काळजी घेतली तर सहसा उडत नाही. बॅटरी सोडवलेली असावी, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावलेला असावा आणि शेजारचे मॉड्यूल काढून ठेवलेले असावेत. क्लॅम्प लांब लावला तर करंट वाटेत जे सापडेल त्यातून जातो.

माझ्या पाहण्यात ईसीएम जळण्यापेक्षा वायरिंग भाजण्याचे प्रकार जास्त आहेत. दरवाजाखालच्या पट्टीत किंवा पिलरमध्ये वेल्ड मारला, आणि आतून, कार्पेटखालून जाणारा वायरचा जुडगा बाजूला करायचा राहिला. वरचं आवरण वितळतं, दोन वायरी एकमेकींना टेकतात. ‘यू’ने सुरू होणारे कोड, उदाहरणार्थ यू ०१००, एकदम आले तर ज्या बाजूला वेल्डिंग झालं त्या बाजूचं कार्पेट उचलून बघायला सांगा.

एकाच वेळी सात-आठ कोड आलेत, एकमेकांशी काही संबंध नसलेले. एवढं सगळं एकदम खराब झालं?

नाही. अर्थिंग बघा. पत्र्याला बोल्टने घट्ट केलेली अर्थची वायर कामासाठी काढतात. मग पॅनलला प्रायमर लागतो, रंग लागतो, आणि वायर त्या रंगावरच परत आवळली जाते. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडाफार संपर्क होतो तेवढ्यावर गाडी चालू होते, पण दिवे, ब्लोअर लावले की सेन्सरांचे आकडे डळमळतात.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. मग दुसरं टोक दुरुस्त केलेल्या भागातल्या अर्थच्या बोल्टला. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.२च्या वर गेलं तर तो जोड सोडवा, वायरच्या रिंगेखालची जागा धातू चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि वरून गंजरोधक लावा. रंग आधी, आवळणं नंतर, असं झालं असेल तर क्रम उलटा करून घ्या.

बॅटरी काढली होती, त्याने दिवा लागतो का?

नुसतं काढल्याने सहसा नाही. आयडलिंग थोडं वरखाली होतं, ऑटोमॅटिक गिअर पहिले काही किलोमीटर झटक्याने पडतो, काचेचं ‘एका बटणात वर’ बंद होतं. हे कंप्युटर पुन्हा शिकतो. पण गाडी कित्येक आठवडे उभी राहून बॅटरी खाली गेली असेल, तर कमी व्होल्टेजमुळे खोटे कोड साठतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड लिहून घेऊन उडवा, आणि परत काय येतं ते बघा. परत येईल तोच खरा. कोड उडवायला मी राजी होतो अशी ही एक जागा.

गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून होती. आणखी काही?

उंदीर. फिल्टरचा डबा उघडून बघा, इंजिनवरचं प्लास्टिकचं आवरण उचलून बघा. कुरतडलेली वायर आणि लेंड्या सापडल्या तर पत्र्याच्या कामात चूक शोधत बसू नका.

एअरबॅगचा दिवाही लागलाय. तो मी बघू?

अजिबात नाही. पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नका, मल्टिमीटर तर लावूच नका. त्या सर्किटमध्ये स्फोटक आहे. हे काम शिकलेल्या माणसाचं. पण टाळूही नका. तो दिवा चालू असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते.

रडार किंवा कॅमेऱ्यावर चालणारी ब्रेकिंगची यंत्रणा असेल तर बंपर किंवा पुढची काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (नव्याने नेमकं जुळवणं) लागू शकतं. गाडी बनवणाऱ्याच्या सूचनेत ते लिहिलेलं असतं. ते झालं का, हे विचारून लेखी घ्या.

दिवा आपोआप विझला. सुटलो?

कदाचित. तीच चाचणी सलग तीन फेऱ्यांमध्ये पास झाली की कंप्युटर स्वतः दिवा विझवतो. कोड मात्र आठवणीत राहतो आणि साधारण ४० वेळा इंजिन गार होऊन पुन्हा गरम झाल्यावर पुसला जातो. तेव्हा तो आत असतानाच वाचून घ्या. सुटंसुटं होणारं कनेक्शन असंच लपाछपी खेळतं, आणि पहिल्या पावसात किंवा खड्ड्यात परत येतं.

गॅरेजवाले म्हणतात, दिवा आधीपासूनच होता. आता?

भांडण करण्याआधी स्कॅनर लावा. बहुतेक गाड्यांत दोन नोंदी सापडतात: दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि कोड शेवटचे उडवल्यापासून किती किलोमीटर चालली. गाडी देतानाचं आणि घेतानाचं मीटर रीडिंग जॉबकार्डवर असतं. हिशोब मांडा. दिवा लागून ६० किलोमीटर झालेत आणि गाडी घेतल्यापासून तुम्ही ९० फिरलाय, तर तो तुमच्या ताब्यात असताना लागला हे उघड आहे. कोड उडवून गाडी ९० किलोमीटर चाललीय आणि तुम्हीही ९०च फिरलाय, तर गॅरेजमध्येच कोणीतरी कोड उडवून गाडी तुमच्या हातात दिली. हे आकडे शांतपणे समोर ठेवले की बोलण्याचा सूर बदलतो. आरोप करू नका. “हा कोड, ही फ्रीझ फ्रेम, तुम्ही हा भाग उघडला होता, पुन्हा एकदा बघाल का,” एवढं पुरतं. चांगला कारागीर स्वतःच बॉनेट उघडतो.

पुढच्या वेळी गाडी देताना काय करू?

चावी फिरवून, इंजिन चालू केल्यावर मीटरचा फोटो काढा, सगळे दिवे विझलेले दिसले पाहिजेत. पूर्ण स्कॅनिंग करून त्याची प्रत घ्या. मोठ्या धडकेनंतर गाडी चालूच होत नसेल तरी बॅटरी जोडून स्कॅनिंग होतं का ते विचारा. परत घेताना तेच स्कॅनिंग पुन्हा करायला लावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन गरम होईपर्यंत फिरवा, एसी लावून पंख्याचा आवाज ऐका, पेट्रोलचं झाकण हाताने काढून परत लावा. मग बॉनेट उघडा आणि एखादी क्लिप, एखादा स्क्रू बॅटरीच्या ट्रेमध्ये किंवा काचेखालच्या जाळीत पडलाय का बघा. सापडला तर तो कुठला आहे हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका.